दाराशी थांबलेल्या सपाता

बाजारात खुडबुडताई दिसली की भाजीवाली आधीच हसायला लागायची. बाकीची गिऱ्हाइकं गाजर डोळ्यांनी पारखतात, ही बया ते कानाशी धरून मोडायची. "ताई, गाजर आहे ते, फोन नाही," भाजीवाली म्हणायची. एखादं मनासारखं मोडलं की ताईचा चेहरा असा खुलायचा, की वाटावं हिच्याकडे आज पाहुणे जेवायला आहेत. पाहुणे कसले! त्या गाजरानं दुपारी कुणाची तरी मान मुरगळली जाणार असायची.

भुताखेतांच्या सिनेमांना आवाज पुरवणं हा तिचा धंदा. पडद्यावरचं भूत जिना चढतं, तेव्हा त्याची पावलं मागाहून बंद खोलीत, चित्र बघत बघत वाजवावी लागतात. ताईच्या त्या खोलीत भंगारवालाही नाक मुरडेल असं सामान होतं. गंजक्या बिजागरीची फळी, करकरणारी खुर्ची, वाळूची पेटी. ओलं कातडं पिळलं की अंगावरून काहीतरी सरपटत गेल्यासारखं वाटायचं. लहानपणापासून तिला एकच खोड, दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारायची आणि ऐकत बसायचं. घरच्यांनी तिला खुडबुडी म्हटलं, आणि पुढे त्याच खुडबुडीचा तिला पगार मिळू लागला.

गंमत म्हणजे ती स्वतः कधी सिनेमाला घाबरली नव्हती. सगळं थिएटर किंचाळत असताना ही आपली मनाशी म्हणणार, 'कोबी जरा शिळा निघाला.'

अशा बाईची एकदा भर थिएटरात फजिती झाली. नवा सिनेमा लोकांपुढे आणण्याआधी थोड्या परक्या माणसांना दाखवून बघतात. शेवटच्या प्रसंगात नायिका खोलीत लपलेली असते आणि घराचा मेलेला मालक दाराशी येतो. ताईनं तिथे जीव ओतला होता. पावलं, करकर, वारा, हाडांची कडकड, शिवाय थेट पोटात घुमणारी घरघर. अति तिथे माती, हे आपण दुसऱ्यांना सांगतो. मेलेल्या मालकानं मान वळवली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, काकडी कोण खातंय?"

सगळं थिएटर हसलं.

दिग्दर्शकानं तिला बाजूला घेतलं. माणूस सभ्य, पण त्याचाही जीव टांगणीला लागला होता. "ताई, पुढच्या शुक्रवारी पुन्हा दाखवायचाय. तेव्हाही हसले, तर हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. पुढचे सिनेमेही मग तिकडेच जातील."

"आवाज अजून थोडे वाढवू का?"

"आता फक्त बँड वाजायचा राहिलाय!"

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं.

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा निवृत्त बस कंडक्टर. गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले आणि बराच वेळ कुणाला पत्ताच लागला नाही. तेव्हापासून ताईचा एक कान कायम त्यांच्या सपातांवर असायचा. सर्र-थप, सर्र-थप. डावा पाय ओढायचा, उजवा आपटायचा. आपण हे ऐकतोय याचं तिला भानही नसे. रोजच्या पंख्याची घरघर कुठे ऐकू येते आपल्याला?

एका सकाळी ती ओट्यापाशी कोबीची पानं पिळत, वैतागून उभी होती. बाहेर बाबा चालले होते. सर्र-थप. सर्र-थप. सर्र...

थप आलंच नाही.

ताईच्या हातातला कोबी खाली पडला. फरशी, फुटलेला चष्मा, वाकडा पडलेला हात, सगळं तिला दाराबाहेर पडायच्या आधीच दिसून गेलं. "बाबा!"

बाबा भिंतीला धरून, एक पाय उचलून उभे होते. पायाखालून मुंग्यांची रांग चालली होती. "ओरडतेस काय? त्यांना पुढे सरकू दे की जरा."

ताईचा जीव भांड्यात पडला आणि तिला रडूच फुटलं. पण मुळात बाई चौकस. डोळे पुसता पुसताच तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं. एवढे सिनेमे वाजवले, कधी घाबरले नाही. मग आज कशानं घाबरले? आवाजानं तर नाही, आवाज झालाच नव्हता. सपाता इतका वेळ चालत होत्या म्हणून त्यांचं थांबणं ऐकू आलं. उरलेलं सगळं भयंकर तिच्याच मनानं भरलं होतं.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर कामावर चला. सपाता घालून."

"तिकीट लागेल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खोलीतल्या लाकडी फळीवर फेऱ्या मारल्या. ताईनं त्या सपाता सिनेमाभर पेरल्या, माणसं बोलत असताना वरच्या मजल्यावर, अगदी हळू. मग शेवटच्या प्रसंगातला वारा काढला, करकर काढली, लाडकी कडकडही काढली. स्वतःच्या हातानं काढताना तिला वाईट वाटलं.

"एवढंच?" दिग्दर्शकाचा चेहरा उतरला.

"एवढंच. हसले तर मीच जाते."

शुक्रवारी ती बाबांना घेऊनच गेली. बाबांनी दाराशी घुटमळणाऱ्यांना "पुढे सरका, पुढे सरका" करून सवयीनं जागेवर बसवलं. सिनेमा सुरू झाला. शेवटचा प्रसंग आला. सर्र-थप. सर्र-थप. सपाता जिना उतरून दाराशी आल्या. सर्र...

कुणी हसलं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. मागच्या रांगेत कुणाचा तरी श्वास अडकलेला ऐकू आला.

ताईनं खरं तर लोकांचे चेहरे बघायला हवे होते, तिचं सगळं त्यावरच ठरणार होतं. पुढचं थप येणार नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनंच ते कापलं होतं. तरी अंधारात तिचा हात शेजारची खुर्ची चाचपडू लागला.

बाबांनी तो धरला. "अगं, मी आहे इथे."

पुढच्या रांगेतून कुणीतरी घाबऱ्या आवाजात "शू!" केलं. ताईनं दिवे लागेपर्यंत बाबांचा हात सोडला नाही.