शकीलाबीचे टाके

बायांनो, आज मन लागून नाही राह्यलं, म्हणून लिहून राह्यली. शाळा दोनच वर्षं झाली माही, चुकलं तं समजून घ्या.

माह्या नातीले पहिलं बाळ होणार हाय. त्या आनंदात मी अन् शेजारची शकीलाबी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून राह्यलो. दुपारी ओसरीवर एका काठाले ती, दुसऱ्या काठाले मी. हात चालतात, तोंडही चालते. असं सुख मले देवळातही भेटत नाही, खोटं काऊन बोलू?

पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. टाके वाकडे पडतात. ती घरी गेली की मी ते उसवायची अन् सरळ घालायची. तिले काही सांगितलं नाही.

आज तिनं काठावरून बोट फिरवलं अन् थांबली.

"बाई, हे टाके माहे नाहीत."

"तुहेच तं हायेत वं!"

"डोळे धड होते तवाबी माहे इतके सरळ नव्हते," म्हणून हसली. मले वाटलं, निभावलं. मंग हळूच म्हणे, "वाकडे होते तं मले सांगायचं होतं. मी काय नुसती चहा प्यायले येत होती?"

सुई माह्या हातात देऊन निघून गेली.

संध्याकाळी मी माहे सरळ टाके सारे उसवले. कापडावर तिच्या सुईची भोकं अजून दिसतात, पण तिच्यासारखं मले शिवता येत नाही.

उद्या तिच्या दारी जाईन म्हणते. पण जाऊन बोलू काय? सांगा बरं कोणी.