खाडीतली जागा सांगायची कुणी

गावात मला नकाशावाली म्हणतात. म्हणू देत. तोंडवलीत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची घरं. पर्यटनाचा आराखडा आला, तेव्हा त्यात इथे माणसं राहतात याचा पत्ताच नव्हता. माझं डोकंच फिरलं. लग्नाआधी मी सावंतवाडीला नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत कामाला होते, त्यामुळे ओपन सोर्स नकाशा मला माहीत होता. तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नसतो. कुणीही मोबाइलवर उघडावा, आपल्याला ठाऊक असलेलं त्यात घालावं, चुकलेलं दुरुस्त करावं. ग्रामसभेत उभी राहिले आणि म्हटलं, आपला गाव आपणच नकाशावर चढवूया, सगळ्या जगाला दिसू दे. तालुक्याहून आलेल्या साहेबांनीही कबूल केलं, की तुम्ही दाखवाल ती ठिकाणं सोडूनच नवीन बांधकाम धरू.

गाव कामाला लागला. पुरुषांनी पाणंदी, विहिरी, होड्या ओढायच्या जागा दाखवल्या. बायकांना मी आमच्या खळ्यात बसवलं. त्यात माझ्या सासूबाईही होत्या. या बायका ओहोटीला खाडीत उतरतात आणि चिखलात हाताने चाचपून तिसऱ्या काढतात, म्हणजे शिंपल्या. सासूबाईंनी त्याच तिसऱ्या बाजारात विकून दोन मुलं शिकवली, त्यातला एक माझा नवरा. प्रत्येकीने माझ्या मोबाइलवर आपापल्या जागेवर बोट ठेवलं. मी खूश. एवढं सरळ काम मी कचेरीतही पाहिलं नव्हतं.

नवा आराखडा आला. पर्यटकांच्या होड्यांसाठी जेटी, तीही कांदळवनापुढच्या वळणावर, आणि होड्या लागाव्यात म्हणून तिथला गाळ उपसून खाडी खोल करायची. तुमच्याच नकाशात तिथे काही नाही, म्हणून तीच जागा धरली, असं साहेबांचं म्हणणं. सासूबाईंनी चित्र पाहिलं आणि हातातला विळा खाली ठेवला.

"माझां गेलां," एवढंच म्हणाल्या.

मी नकाशा उघडला. सगळ्या बायकांचे ठिपके देवळाखालच्या खडकावर, एकाला एक लागून. तिथे शेवाळाशिवाय काही मिळत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलंच नाही. तिसऱ्यांची जागा आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. वाटेत कुणी भेटलंच, तर उलट्या दिशेला वळायचं, ती गेली की मागे फिरायचं. रोज त्या तिसऱ्या शिजवणाऱ्या सुनेलासुद्धा पत्ता नव्हता. मी चिडले. आई, मग खोटी जागा कशाला दाखवलीत, म्हणून चांगलीच बोलले.

"सगळ्या गावाक दिसतलो म्हणान तूच सांगलंस मां?" त्या शांतपणे म्हणाल्या.

कपाळ माझं! राग होता तरी हसू फुटलं. ठिपका हलवणं माझ्या हातात होतं, एका मिनिटाचं काम. पण जागा त्यांची. ती उघडी करायची की नाही, हे त्यांनीच ठरवायला हवं होतं. मी सरळ सांगितलं, गप्प राहिलात तर गाळाबरोबर तिसऱ्याही जातील, बोललात तर शेजारणी येतील.

आराखड्यावरची सुनावणी शाळेत होती. नकाशा भिंतीवर मोठा करून लावला होता. सासूबाई उठल्या, पदर सावरला आणि कचेरीतलं मराठी काढलं.

"साहेब, मी खोटं दाखवलं होतं. माझी जागा ही."

वळणावर त्यांनी बोट टेकवलं, तशी मागे कुजबुज झाली. मग शेजारीण उठली, तोंड वाकडं करत, आणि तिनेही तिथेच जरा बाजूला बोट ठेवलं. मग तिसरी, मग सगळ्याच. दोघींची जागा तर एकच निघाली. इतकी वर्षं एक सकाळच्या ओहोटीला जायची, दुसरी संध्याकाळच्या, आणि दोघी एकमेकींना चकवल्याच्या आनंदात. मी तिथल्या तिथे ठिपके हलवले, साहेबांच्या डोळ्यांदेखत. पुढच्या आराखड्यात जेटी देवळाखालच्या खडकाशी गेली. हे होणार याची मला खात्रीच होती, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या पहिल्याच ओहोटीला सासूबाई मला म्हणाल्या, चल. त्या पाण्यात मी आजवर पाय घातला नव्हता. वळणावर पोचलो, तर शेजारणी आधीच कंबरभर पाण्यात वाकलेल्या, नेमक्या तिथेच. सासूबाई काठावर थांबल्या. एवढ्या वर्षांची त्यांची एकटीची जागा ती. आता शिव्या ऐकायच्या, असं धरून मी उभी राहिले. त्यांनी लुगडं खोचलं, पाण्यात उतरल्या आणि म्हणाल्या, "सरा गो जरा. माझ्या सुनेक जागा करा."