परतूरच्या जिनातले दोन वाचक

“मास्तर, आठवडाभर ह्या वसंताला वाचू द्या. ज्याचं वाचन बराबर, तो सीझनभर राहील,” शेठजी म्हणाले आणि माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी त्या पोराच्या हातात दिलं. भर शेडमध्ये, बायांच्या देखत!

परतूरच्या जिनिंग फॅक्टरीत मी वाचक होतो. हसू नका, पगारी नोकरी होती ती. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. जिनात कापसातली सरकी वेगळी करतात. त्याआधी कापूस निवडावा लागतो. पाला, काडीकचरा आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचून टाकायचा. काम कंटाळवाणं. बाया उठून दुसऱ्या जिनात जायच्या. म्हणून शेठजींनी मला ठेवलं. बाया निवडणार, मी कादंबरी वाचणार. गोष्ट अर्धी राहिली की दुसऱ्या दिवशी सगळ्या हजर.

वसंता जालन्याचा, गणपतीच्या मेळ्यात कामं केलेला. कादंबरीतल्या किल्लेदाराचं बोलणं वाचताना त्याचा आवाज घुमायचा. म्हातारीचं वाचताना तोंडात दात नसल्यासारखा बोलायचा. मी शेडच्या दाराशी उगीच सुतळी गुंडाळत बसायचो. घरी मन लागत नव्हतं. बायकोला काही सांगितलं नव्हतं. वाचण्याशिवाय दुसरं कुठलं काम मला येत होतं?

शेवटी मुकादमीण ग्यानबाईला गाठलं. बायांवर तिची देखरेख.

“कसा वाचतो पोरगा?”

“काय सांगू मास्तर! किल्लेदारीण मेली तवा समद्या रडून राह्यल्या होत्या.”

“मागं मी वाचली तेव्हाही ती मेलीच होती की!”

“मेल्ती. पर तुमच्या वाचण्यात ती मेली हे आमाला दोन पानांनी कळलं.”

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हटलं, “अगं, तो लबाडी करतो. डोंगर, झाडी, सगळी वर्णनं गाळतो.”

“गाळतो तेच ब्येस! तुमच्या डोंगरात आमची आर्धी दुपार जायची.”

पोटात दुखणं कशाला म्हणतात ते त्या दिवशी कळलं. त्या पोराचा घसा बसावा म्हणून मी मनातल्या मनात नवस बोललो. घसा काही बसला नाही मेल्याचा.

शनिवारी शेठजी शेडमध्ये आले. मी मागोमाग. वसंता वाचत होता. किल्लेदाराची लेक एकटी भुयारात उतरत होती. बाया तोंड उघडं टाकून ऐकत होत्या, हात मांडीवर. ग्यानबाई तर निवडलेल्या कापसानं डोळे पुसत होती. आणि पलीकडे ढीग जसाच्या तसा!

“हे काय? हप्ताभर आधा माल पण निवडला न्हाई!” शेठजी ओरडले. मग माझ्याकडे वळले. “मास्तर, सोमवारपासून तुम्हीच. तुमच्या वाचण्यानं कोणाचा हात बिलकुल थांबत न्हाई.”

नोकरी वाचली. आनंद व्हायला हवा होता. पण बायांची तोंडं अशी उतरली, जणू घरचं माणूस चाललं.

“भुयारात पुढं काय झालं?” नव्यानंच कामाला आलेल्या एकीनं विचारलं.

“सोमवारी वाचतो की,” मी म्हणालो.

ग्यानबाई जरा अडखळली. “तुमी वाचा हो. पर यवढं त्याच्या तोंडून ऐकू द्या. सांच्याला त्यो गाडीनं जाणार. पुस्तक घिऊन टेशनवर या ना मास्तर.”

पुस्तक पुन्हा माझ्या ताब्यात आलं होतं. नाही म्हणता आलं असतं. तरी गेलो. फलाटावर बाया गोल बसल्या. मीच पुस्तक उघडून वसंताच्या हातात दिलं आणि मागे उभा राहिलो. ते पान मी स्वतः कितीदा तरी मोठ्यानं वाचलं होतं. पण पोरगी भुयारातून उजेडात आली आणि माझेच डोळे भरले. त्या क्षणी त्याचा जितका राग आला, तितका आठवडाभर आला नव्हता.

सोमवारी मी वाचायला बसलो. एकही हात थांबला नाही. ढीग वेळेवर संपला. शेठजी खूश झाले.

नोकरी टिकली की माणूस जिंकला असं लोक समजतात. समजू द्या.