त्रिगुणी लस घेऊन पालीला

भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या बसमध्ये बसलो, तेव्हा मांडीवर थर्मास होता. त्यात बर्फ, आणि बर्फात त्रिगुणी लसीची कुपी. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिन्हींच्या जंतूंवर एकच टोचणी. "थंड ठेवा," एवढंच केमिस्टनं सांगितलं होतं. माझी मुलगी वैशाली पालीला शाळेत शिकवते. तिच्या तान्ह्या मुलीचा पहिला डोस राहिला होता, आणि शेजारच्या घरात डांग्या खोकला शिरला होता.

मुर्धा गेलं, मोरवा गेलं. मिठागरांतले पांढरे ढीग उन्हात डोळ्यांना खुपत होते. मी दर थांब्याला झाकण उघडून बर्फ पाहत होतो.

"काका, कुल्फी आहे काय?" शेजारचा म्हणाला. "सारखी उघडताय, वितळणारच ना."

पालीच्या गल्लीत बोंबील वाळत होते. वैशालीची घरमालकीण फिलूमावशी मासळी विकते. तिनं कोलीम (बारीक सुकी कोळंबी) घातलेलं कालवण वाढलं, पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. पलीकडून मूल खोकायचं, खोकता खोकता शीळ घातल्यासारखा श्वास ओढायचं. वैशाली उठून खिडकी लावायची. डॉक्टर संध्याकाळी गावच्या दवाखान्यात यायचे होते आणि थर्मासात पाणीच उरलं होतं.

"द्या हिकडं भाऊ. बरफ आमाला शिकवायचा न्हाय," म्हणत फिलूमावशीनं कुपी मासळीच्या पेटीत, बर्फात खोल खुपसली. वर मूठभर मीठ. "मिठानं बरफ कडक व्हतो." मला हायसं वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी कुपी मुठीत धरून वितळवली, हलवली, उजेडात धरली. कापसासारखे कण तळाशी बसले.

"ही टोचायची नाही. दोन ते आठ अंश लागतात. गोठली की कामातून गेली."

"मासा तरी मेलेलाच असतो," फिलूमावशी म्हणाली, "बरफात टिकतो ना?"

"मासा खायचा असतो, मावशी. हिला अंगात जाऊन काम करायचंय."

डॉक्टर पुन्हा येणार पुढच्या आठवड्यात. फिलूमावशीनं नवऱ्याला हाक मारली आणि मी त्याच्या लुनावर मागे बसून भाईंदरला निघालो. येताना नवी कुपी कागदात गुंडाळून बर्फापासून वेगळी ठेवली. सकाळी मला फक्त उन्हाची भीती होती. आता बर्फाचीही होती.

दवाखान्याशी पोचलो तेव्हा अंधारलं होतं. डॉक्टरांच्या स्कूटरपुढे मासळीची पाटी ठेवून फिलूमावशी बसली होती.

"जाऊ दिलं न्हाय त्यांना," ती म्हणाली.

नात टोचताना किंचाळली, मग वैशालीच्या खांद्यावर झोपली. एका डोसानं पुरतं संरक्षण मिळत नाही, आणखी दोन हवेत, तोवर त्या घरापासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी परतताना तेच मिठाचे ढीग लागले. मांडीवर थर्मास होता, आत फिलूमावशीनं कोलीम ठासून भरून दिलं होतं.

"आता ह्यात बरफ घालायचा न्हाय," तिनं बजावलं होतं.

वास काही जायचा नाही. पुढच्या डोसासाठी नवा थर्मास घ्यावा लागेल. बसमध्ये मी दोनदा झाकण चाचपलं, आणि मग लक्षात आलं की आत जपायचं असं काही नाही.