संघपाल सरांचा छंद

अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाणाऱ्या कोणत्याही पोट्ट्याला विचारा, मुलाखतीची तयारी कोणाकडे करायची? तो सांगेल, संघपाल सरांकडे. सरांच्या हाताखालून गेलेले तहसीलदार झाले, फौजदार झाले. रस्त्यात भेटले तर गाडीची काच खाली करून नमस्कार करतात. आणि सर? सर अजून परीक्षाच देऊन राहिले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वय त्रेचाळीस. अट संपत आलेली. यंदाची मुलाखत शेवटची. नाव लागलं तर अधिकारी, नाही तर जन्मभर दुसऱ्यांना अधिकारी करत बसायचं, यात तिसरा रस्ता नव्हता.

नांदगाव खंडेश्वरला आई होती, इंदूबाई. पोरगा काय करते म्हणून कोणी विचारलं की ती आताशा विषयच बदलायची. फोनवर मात्र राहवायचं नाही. "बाबू, यंदा तं होते ना? माहं काई नाई, पन डोये मिटाच्या आधी पाहू दे."

"होते माय, होते," सर म्हणायचे आणि फोन खिशात टाकायचे. थकले होते हो. पुस्तक उघडलं की डोळ्यांआधी मान खाली यायची.

आता छंदाची गोष्ट. मुलाखतीआधी छंद लिहून द्यावा लागतो. सगळे लेकाचे 'वाचन' लिहितात, आणि शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं म्हटलं की तोंडाला कुलूप! म्हणून सरांनी फार वर्षांपूर्वी 'मोटारींच्या शर्यती' असं लिहून टाकलं. जवळ चारचाकी नाही. होती ती जुनी दुचाकी, तीही किक मारून मारून पाय दुखवणारी. पण तयारी म्हणून मोबाईलवर शर्यती बघायला लागले आणि काय सांगू, माणूस त्यात पार बुडाला. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांना कोणाला काही शिकवायचं नसायचं. जीव जडला तो वेगाचा विक्रम करणाऱ्या गाड्यांवर. त्या बघताना जेवण गार व्हायचं.

रविवारी सर अकोल्याची बॅच घ्यायला जात. एकदा मोर्णेचा पूल ओलांडून त्यांचा ऑटो जुन्या शहरात शिरला. हातगाडी, गाय, बुरखेवाल्या बाया, समोरून उलटा येणारा टेम्पो, सगळ्यांच्या मधून ऑटोवाल्याने असा काही ऑटो काढला की विक्रमाची गाडी आणि शर्यतीची गाडी यांतला फरक कसा सांगायचा, त्याचं उत्तर सरांना तिथंच सुचलं. वर्गात जाऊन त्यांनी ते पोरांना सांगितलं.

"विक्रमाची गाडी म्हणजे आपल्या शंकरपटाची बैलजोडी. सरळ मैदान, भांडण फक्त घड्याळाशी. तिले मागून जेटचं इंजिन ढकलते, चाकं नुसती धातूची, सोबत पळाले. धड वळता येत नाही, थांबाले मागून पॅराशूटची छत्री उघडा लागते. अन् एकदा पळून भागत नाही बरं! तासाभरात उलट्या दिशेनं परत पळा लागते, मग दोन्हीची सरासरी धरतात. गोल शर्यतीची गाडी म्हणजे तुमच्या जुन्या शहरातला ऑटोवाला. तिची सारी अक्कल वळणात. पंखानं दाबून बसते, टायरनं रस्ता धरते, टाइमावर ब्रेक मारते अन् समोरच्याले कट मारून निघते. सरळ रस्त्यावर ती पहिलीपुढं काहीच नाही. पण पहिलीले या गल्लीत आणा, पहिल्याच वळणावर भिंतीत जाईल!"

पोरं खदखदून हसली. पुढच्या बाकावरच्या गीतांजलीने सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. तिचा बाप, पुंजाराम, जुन्या शहरातच ऑटो चालवायचा.

"सर, हा छंद मी घेऊ काय?"

"घे ना. छंदाचा काय सातबारा असते?"

यंदा आपल्यालाही मुलाखतीचं बोलावणं येईल असं सरांना तेव्हा वाटलंच नव्हतं. दोघांनाही आलं. तिची मुलाखत आधी, सरांची दोन दिवसांनी, त्याच मंडळापुढे.

सर आत गेले तेव्हा हातपाय कापत नव्हते. कापायला तरी अंगात काही उरावं लागतं. अध्यक्षांनी छंद बघितला आणि म्हणाले, "विक्रमाची गाडी आणि शर्यतीची गाडी, फरक सांगा."

जन्मभर वाट पाहिली तो प्रश्न! सर खुलले. शंकरपटाची जोडी आली, घड्याळ आलं, छत्री आली. जुन्या शहरातला ऑटोवाला आला आणि अध्यक्षांच्या शेजारच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"थांबा. बैलजोडी आणि ऑटोवाला? हे परवाच एका मुलीने सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. हे नक्की कोणाचं?"

सरांना दोन्हीकडून खड्डा दिसला. माझं म्हणावं, तर पोरगी खोटी पडते. मार्क त्याच दिवशी लागतात म्हणतात, म्हणजे तिचे लागलेच असतील, पण पाहायला कोण गेलं होतं? आणि नाही म्हणावं, तर आपण गेलो. समोर आई दिसली. मग ती पोरगीही दिसली.

"माझं नाही, मॅडम. ऐकलेलं आहे."

"म्हणजे छंदही ऐकलेलाच?"

सर काही बोलले नाहीत. पोरांना ते नेहमी सांगायचे की मुलाखतीत गप्प बसणारा माणूस मेला. अध्यक्षांनी अजून दोन-चार प्रश्न विचारले, तेही उरकायचे म्हणून, आणि 'या आता' म्हणाले.

निकाल लागला. गीतांजलीचं नाव होतं. सरांचं नव्हतं. इंदूबाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "जेवला काय बाबू?" त्या दिवशी मात्र सर रडले, एका बंद दुकानाच्या आडोशाला उभं राहून, एवढे मोठे गृहस्थ.

पुढच्या रविवारी पुंजाराम स्वतः स्टँडवर घ्यायला आला. जुन्या शहरातल्या दोन खोल्यांत साऱ्या गल्लीची माणसं येऊन जात होती. गीतांजलीने सरांना पाटावर बसवलं, पुऱ्या वाढल्या आणि हळूच म्हणाली, "सर, एक सांगू? रागावू नका. मले तोच प्रश्न आला. मी तुमचंच उत्तर देलं. ऑटोवाला म्हटल्यावर मॅडम म्हणे, बसता का ऑटोत? म्या म्हटलं, माहे बाबाच चालवतात. तं त्या म्हणे, वाटलंच, हे उत्तर तुमचं स्वतःचं आहे, ऐकताच कळतं. मले लाज वाटली, पन सरचं आहे म्हणून सांगितलं नाही. चुकलं काय?"

"नाही पोरी. काहून चुकलं? बाप तुझाच आहे ना."

ती हसली. "अन् तुमाले काय इचारलं?"

"तेच."

"मग तं तो प्रश्न सोपाच गेला असंन! देलं ना तुमी आपलं उत्तर?"

सर पुरीचा तुकडा भाजीत बुडवत राहिले. गीतांजली बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"सर, त्यायनं काय म्हटलं? माहं नाव निघालं काय? सर, मी पत्र लिहितो त्यायले. आत्ताच लिहितो."

"खाली बस," संघपाल सर म्हणाले. "दोन घास खा. सोमवारी नवी बॅच सुरू होऊन राहिली, तिथं येऊन पोरांना सांग, कसं झालं ते."