दुर्गाबाईंची वेगळी चूल

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत दुर्गाबाईंचे घर आहे. पुढे दोन खोल्या, मागे टिनाच्या छपराची सपरी. दुर्गाबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांनी जिनिंगमध्ये कापसातला पालापाचोळा हाताने वेचत चाळीस वर्षे काढली. नवरा जानराव लवकर गेला. बावन्नाव्या वर्षी त्या विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात सही शिकल्या. सही पूर्ण व्हायला अजूनही बराच वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मध्ये कोणी बोललेले त्यांना चालत नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा मुलगा नागसेन पतसंस्थेत कायम झाला. पेढे वाटून आठवडा होत नाही तोच कळले, की उत्पन्न वाढल्यामुळे घराचे रेशन कार्ड पांढरे होणार. म्हणजे धान्य बंद आणि आईला मिळणारे म्हातारपणाचे दीड हजारही बंद. इकडे स्लॅबच्या कर्जाचा हप्ता होता, नात पायलच्या इंग्रजी शाळेची फी होती, शाळेची व्हॅन होती. मदत मागायला जास्त आणि घर चालवायला कमी, असा तो पगार होता.

यावर गल्लीला ठाऊक असलेला उपाय एकच. म्हातारीचे कार्ड वेगळे काढायचे. त्यासाठी ती वेगळी राहते असे लिहून द्यायचे आणि कोणी पाहायला आले तर दाखवायला मागे तीन विटांची चूल मांडून ठेवायची. तीन घरांनी तसे केलेही होते. नागसेनने सपरीत विटा मांडल्या आणि अर्ज आणला.

"वाच," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मी माझ्या मुलापासून विभक्त राहते व माझा स्वयंपाक स्वतंत्र करते."

"हे तं खरं नाही."

"नुसतं कागदावर हाय, माय. सगळेच करतात."

दुर्गाबाईंनी कागद पुढे ओढला. मग सही केली. घरात तेवढा वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून माया चहाला बोलवायला गेली तर सपरीतून धूर येत होता. दुर्गाबाईंनी विटांमध्ये कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या आणि त्यांचा चहा पिऊन झाला होता.

"काहून, आत्याबाई? काही चुकलं का आमचं?"

"काही नाही चुकलं. सही केली ना मी काल."

"तसं नसते ते."

"मंग कसं असते? सही तं मीच केली ना."

माया दोन दिवस हसली. नवे कार्ड आले, त्यावरचे गहू-तांदूळ दुर्गाबाईंनी आपल्या डब्यात भरले, दीड हजारांच्या अनुदानातून तेलमीठ आणले, आणि मग माया हसायची थांबली. ज्या पैशांतून व्हॅनचे भागेल असा हिशेब होता, ते मागच्या चुलीला लागत होते. नळावर शेजारच्या पार्वताबाईंनी विषय काढलाच.

"काय व माया, पोरगा कायम झाला अन् माय बाहेर निघाली म्हणते?"

"त्या आपल्या मनानं निघाल्या."

"हो व माय. साऱ्याच सासवा मनानंच निघतात."

त्या दिवशी मायाने एक युक्ती काढली. सासू मुलाच्या घरचे खात नव्हती, पण शेजारणीने आणलेली वाटी परत करण्याची गल्लीत रीत नाही. मायाने वांग्याच्या भाजीची वाटी झाकली, पुढच्या दाराने बाहेर पडली, बोळातून वळसा घेतला आणि सपरीच्या दाराशी उभी राहिली.

"आत्याबाई, भाजी केली होती. म्हटलं द्यावी."

दुर्गाबाईंनी वाटी घेतली. रिकामी वाटी परत द्यायची नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी ती ठेचा घेऊन त्याच वाटेने परत आली. तेव्हापासून चार पावलांच्या अंतरासाठी दोघी बोळातून फिरू लागल्या. पायल तेवढी मधल्या दाराने जायची आणि दोन्हीकडे जेवायची.

दिवाळीनंतर पुरवठा खात्याचे निरीक्षक पडताळणीला आले. नागसेनचा चेहरा उतरला होता. निरीक्षकांनी चुलीवर हात धरून पाहिला.

"आजी, सून त्रास देते का?"

"नाही बाप्पा. लय चांगली हाय. कालच भाजी आणून देली तिनं."

"मग वेगळ्या कशाला राहता?"

"तसं लिहून देलं हाय."

निरीक्षकांना यातले फारसे कळले नाही. जाताना ते नागसेनला म्हणाले, "सकाळपासून सातवं घर आहे. सहा चुलींत राख नव्हती. तुमचं प्रकरण पक्कं." आपण पकडले जाऊ, अशी नागसेनला भीती होती. उलट त्याची आई खरोखर वेगळी राहते, असा शेरा कागदावर पडला.

संध्याकाळी तो मायाला म्हणाला, "कार्ड वापस करतो."

"अन् त्यायच्या गोळ्या? आजवर त्या पैशातच भागे."

"व्हॅन बंद करू. पायलले मी सोडीन गाडीवर."

"हेच तुमी तवा म्हणायला पायजे होतं," माया म्हणाली.

नागसेन आईला घेऊन पुरवठा कार्यालयात गेला. तिथल्या बाबूने कारण विचारले. नागसेनने सांगितले, "आई माझ्याकडे राहते." बाबूने वर पाहिले. नाव काढा म्हणून आपणहून येणारे त्याने फारसे पाहिले नसावेत. दुर्गाबाईंनी सही केली. मागची रांग थांबून राहिली. अनुदानही आता बंद होणार होते.

घरी मायाने चार ताटे घेतली. दुर्गाबाई सपरीतून हलल्या नाहीत.

"डब्यात अजून कार्डाचं पीठ हाय, तांदूळ हायेत. वेगळ्या चुलीसाठी देले होते ते. संपले की येतो."

"एकटीले पंधरा दिवस लागतीन, माय."

"लागतीन तं लागतीन."

नागसेनने आपले ताट उचलले, सपरीत गेला आणि खाली बसला.

"वाढ."

"तू काहून आला?"

"खायले."

दुसऱ्या दिवशी माया आणि पायलही आल्या. एरवी तीन पोळ्यांवर उठणारा नागसेन सहा-सहा खाऊ लागला.

"पोट दुखीन, लेका."

"दुखू दे."

तांदूळ आधीच संपले होते; शनिवारी सकाळी पिठाचा डबा पालथा घालून झटकला. शेवटच्या पिठाच्या सात पोळ्या झाल्या, त्या संपल्या. संध्याकाळी मायाने आत परातीत पीठ घेतले, तेव्हा मधल्या दाराने दुर्गाबाई आल्या आणि पाट ओढून बसल्या.

"जरा जास्त मळ," त्या म्हणाल्या. "मले भूक लागली हाय."