बाराच्या पुढचा ठोका

घड्याळजींच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी ऐकू यायची टिकटिक आणि मागोमाग बोलणी. रागाची नव्हेत हं. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मान खाली, आणि तोंडानं गिऱ्हाइकाची हजेरी घेणं चालू. "बंद पडलं म्हणून टाकायला निघालात? उद्या मी बंद पडलो तर मलाही टाकाल." मग ते घड्याळ उलटं करायचं, पाठ उघडायची, आत हलकी फुंकर मारायची आणि म्हणायचं, "टाकू नका. होतंय." हे त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं की गल्लीनं त्यांचं नावच 'टाकू नका' ठेवलं. "काय हो, टाकू नका जेवून आले का?" असं लोक बिनदिक्कत विचारत, आणि घड्याळजींच्या कानावर ते गेलंच तर राग येण्याऐवजी त्यांची छाती वीतभर फुगे.

अशा माणसाला नवा मोबाइल हवा होता. घोडं अडलं होतं ते इथे.

जुना मोबाइल आजवर जगला होता तो समोरच्या डॉक्टरमुळे. हा डॉक्टर माणसांचा नव्हे, मोबाइलचा. कपाळाला दिवा बांधून बसायचा, आणि कुठलाही मेलेला फोन हातात आला की आधी कानाला लावून गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "श्वास आहे." तेव्हापासून तो डॉक्टर झाला. दोघांच्या दुकानांमध्ये गल्ली एवढी अरुंद की एकाला शिंक आली तर दुसऱ्याच्या टेबलावरचे स्क्रू उडावेत. चहा एकाच किटलीतला, बारीक स्क्रूड्रायव्हर कुणाचा कोणता हे दोघांनाही आठवत नव्हतं, आणि वयात थोडं अंतर असूनही पहिल्या दिवसापासून अरेतुरे.

घड्याळजींच्या फोनवर डॉक्टरनं काय काय केलं नव्हतं! काच बदलली, बटण एका फोनचं आणलं, पाठ दुसऱ्याची. "घड्याळ्या, ह्यात मूळचं आता फक्त तुझं नाव उरलंय," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मोबदल्याचं नाव काढलं की किटली पुढे सरकवायचा.

घड्याळजींची लग्न झालेली मुलगी दूरच्या गावी राहायची. तिला एक मुलगी होती, नुकती शाळेत जाऊ लागलेली. ही नात रोज व्हिडिओवर यायची, पण घड्याळजींच्या फोनमध्ये पोचेपर्यंत तिचे चौकोन चौकोन होऊन जायचे. कधी नुसतंच एक चाक फिरत राहायचं. घड्याळजींनी जन्मभर चाकांशीच संसार केला होता, पण इतका वेळ फिरून कशालाच पुढे न ढकलणारं चाक त्यांनी पाहिलं नव्हतं. तिकडून तर आणखी वाईट. फोनच्या कॅमेऱ्याला चरे पडल्यामुळे नातीला इकडचं सगळं धुरकट दिसे. तिनं ह्यांचं नाव 'धूरआजोबा' ठेवलं. तिच्या वडिलांचे वडील मात्र व्हिडिओवर स्वच्छ, चकचकीत दिसायचे, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असे. ते नुसते 'आजोबा'.

मुलगी म्हणायची, "बाबा, घ्या ना आता एक नवा. तुमचं ते टाकू नका घरात तरी पुरे करा." घड्याळजी "बघू" म्हणायचे. बघायचेही. मोठ्या रस्त्यावरच्या मोबाइलच्या दुकानाबाहेर उभे राहायचे, आणि कुणी ओळखीचं आलं की आतल्या भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे की मागे हे तपासतोय असा चेहरा करायचे. घ्यावा, तर गल्ली काय म्हणेल? त्याहून डॉक्टर काय म्हणेल? न घ्यावा, तर आपण जन्मभर धूरच.

मग एके दिवशी नातीनं पुठ्ठ्याचं घड्याळ केलं. शाळेत वेळ बघायला शिकवलं होतं. तिनं ते फोनपुढे धरलं आणि विचारलं, "धूरआजोबा, किती वाजले सांगा." घड्याळजींनी फोन जवळ घेतला, लांब धरला, डोळ्याला भिंगसुद्धा लावलं. चौकोनांत कुठे काटा दिसेना. शेवटी ठोकून दिलं, "तीन."

"नाही! नऊ वाजलेत. आजोबांना बरोबर सांगता आलं. तुम्हाला घड्याळ कळत नाही?"

बाकी काहीही ऐकून घेतलं असतं हो. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धं उघडं टाकून घड्याळजी नवा मोबाइल घेऊन आले, तोही पिशवीत, वरून भाजी घालून.

आता तो ठेवायचा कुठे? डॉक्टर दिवसातून पंचवीसदा दुकानात डोकावणार. शिवाय नेमका ह्याच दिवसांत तो ह्यांच्या जुन्या फोनची बॅटरी शोधत होता. ती फुगली होती, आणि तसली बॅटरी आता कुठे मिळत नव्हती. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात जाऊन तो ढिगारे उपसत होता. आणि "मिळेल रे, कुठे जाते," असं वर घड्याळजींनाच समजावत होता. त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

घड्याळजींच्या भिंतीवर, बाकीच्या चालत्या घड्याळांच्या रांगेत, एक लाकडी लंबकाचं घड्याळ टांगलेलं होतं. ते डॉक्टरच्या आईचं. बंद पडलं म्हणून डॉक्टरनं फार पूर्वी आणून दिलेलं. घड्याळजींनी मोठ्या हौसेनं त्याचं यंत्र बाहेर काढलं, बिस्किटाच्या डब्यात ठेवलं, आणि "घरचंच काम आहे, करू सावकाश," म्हणून डबा टेबलाखाली सरकवला. घरचं काम नेहमी मागे राहतं. म्हातारी कानानं मंद झाली होती, पण त्या घड्याळाचा ठोका तिला अजून ऐकू येईल अशी तिची खात्री होती. "आई विचारत होती," एवढंच डॉक्टर अधूनमधून म्हणायचा. तगादा असा लावला नाही कधी.

त्या पोकळ घड्याळात घड्याळजींनी नवा मोबाइल ठेवला. वर अक्कल अशी लढवली की त्याला रिंग लावली ती घड्याळाच्या ठोक्यांची. टण्, टण्, टण्. इतक्या घड्याळांत एक वाजलं तर कोण बघतंय! ह्या युक्तीवर ते स्वतःशीच खूश झाले, आणि मग त्या दिवशी त्यांना चहा गोड लागला नाही.

पण दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेला की ते घड्याळाची काच उघडत आणि नातीला फोन लावत. ती स्वच्छ दिसे. दाताची फट दिसे. तिनं पहिल्याच दिवशी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "धूर गेला." त्या दिवसापासून घड्याळजी आजोबा झाले. डॉक्टर परत आला की मात्र खिशातून जुना फोन काढायचा, तळव्यावर दोनदा आपटायचा आणि "हा काय ऐकत नाही बुवा" म्हणायचं. हे नाटक करताना त्यांना डॉक्टरच्या तोंडाकडे बघवत नसे, म्हणून ते भिंग लावूनच बोलत.

असं चाललं असताना एका सकाळी डॉक्टर गल्ली ओलांडून आला तो मूठ वर करूनच. बॅटरी मिळाली होती! कुठल्याशा भंगारवाल्याकडे, एका मेलेल्या फोनच्या पोटात. तिथल्या तिथे बसून तपासून आणली होती, कपडे अजून धुळीनं भरलेले. "आण इकडे तुझा पेशंट," म्हणाला, आणि घड्याळजींच्याच टेबलावर बसून त्यानं जुना फोन उघडला. घड्याळजी शेजारी उभे राहिले, हातात उगाच एक फडकं. आता सांगावं, असं त्यांना वाटलं. जीभ वळलीसुद्धा. तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ वाजलं.

टण्.

डॉक्टरनं मान वर केली. कपाळावरच्या दिव्याचा झोत भिंतीवर फिरत फिरत आईच्या घड्याळावर जाऊन थांबला.

टण्. टण्.

"घड्याळ्या," डॉक्टर अगदी हळू म्हणाला, "केलंस? आणि बोलला नाहीस?"

घड्याळजी हातातलं फडकं पिळत राहिले. आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ डॉक्टरनं लावला तो चांगलाच लावला. ह्याला आपल्याला चकित करायचं होतं, असं वाटलं त्याला. त्यानं घाईघाईनं स्वतःच्या फोनवरून घरी फोन लावला, फोन घड्याळाच्या दिशेनं उंच धरला आणि ओरडला, "आई, ऐक. वाजतंय." मग डोळे मिटून मोठ्यानं ठोके मोजत राहिला. नऊ. दहा. अकरा. बारा.

टण्.

फोनमधून म्हातारीचा आवाज आला, "अरे, बारा होऊन गेले की."

डॉक्टरनं डोळे उघडले. तेव्हा कुठे त्याचं लक्ष खाली गेलं. लंबक जागचा हलला नव्हता. त्यानं उठून काच उघडली, आत हात घातला आणि नवाकोरा मोबाइल बाहेर काढला. त्यावर नातीचा चेहरा लखलखत होता. घड्याळजी पुतळ्यासारखे उभे. म्हणून त्यानंच तो उचलला.

"तुम्ही कोण?" नातीनं विचारलं.

डॉक्टरनं एकदा घड्याळजींकडे पाहिलं. "मी शेजारी," तो म्हणाला. "आजोबा आहेत, इथेच आहेत. देतो हं." मग दुसऱ्या हातातल्या फोनवर आईला सांगितलं, "नाही गं. दुसऱ्याचं वाजलं."

त्यानं नवा फोन घड्याळजींच्या हातात ठेवला आणि परत टेबलावर बसला. घड्याळजींना वाटलं, आता हा बॅटरी उचलून निघून जाईल, चार शब्द ऐकवेल. गेला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं ती बॅटरी जुन्या फोनमध्ये नीट बसवली, एकेक स्क्रू आवळला, फोन चालू करून पाहिला, पुसला आणि टेबलाच्या कडेला ठेवला, एखाद्या परक्या गिऱ्हाइकाचा ठेवावा तसा.

"झालंय तुमचं काम," म्हणाला आणि गेला.

'तुमचं' हा शब्द घड्याळजींच्या कानात दिवसभर ठोके देत राहिला. त्या दुपारी एक बाई मनगटी घड्याळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "होईल का हो, की टाकून देऊ?" घड्याळजींनी तोंड उघडलं, मिटलं आणि नुसती मान हलवली. किटली त्या दिवशी समोरच राहिली. दुसऱ्या दिवशीही.

मग त्यांनी टेबलाखालून बिस्किटाचा डबा ओढला. यंत्र उलगडून भिंगाखाली धरलं. मोठं काही बिघडलेलंच नव्हतं. तेल सुकून गोंद झालं होतं आणि ठोक्याच्या हातोडीची एक बारीकशी कमान, म्हणजे स्प्रिंग, मोडली होती. दोन-चार दुपारींचं काम. इतकंच होतं! एवढ्यासाठी ती म्हातारी इतकी वर्षं कान लावून बसली होती, आणि आपण जगाला शहाणपण सांगत होतो. त्यांनी बाकीची सगळी घड्याळं बाजूला सारली. गिऱ्हाइकं कुरकुरली, तर ऐकून घेतलं.

घड्याळ चालू झालं, वाजलंही. मोकळा, भरदार ठोका. घड्याळजींनी आशेनं समोर पाहिलं. डॉक्टरनं मान वर केली नाही. का करेल? त्या घड्याळाचा ठोका त्यानं एकदा ऐकला होता.

तेव्हा घड्याळजींनी ते भिंतीवरून उतरवलं, लहान मूल घ्यावं तसं दोन्ही हातांत घेतलं आणि भर उन्हात गल्ली ओलांडली. कुणीतरी हटकलंच, "काय टाकू नका, मिरवणूक कुठे?" ते चालतच राहिले. डॉक्टरच्या दुकानात चार माणसं उभी होती. त्यांच्या देखत त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं, तबकडी काढली आणि म्हणाले, "आत बघ. चाकंच आहेत. दुसरं काही नाही."

डॉक्टरनं दिव्याचा झोत आत टाकला. बराच वेळ बघत राहिला, जणू प्रत्येक दाता तपासतोय. मग पेटीला कान लावला.

"श्वास आहे," तो म्हणाला. हसला मात्र नाही. "आईकडे तूच घेऊन जा. मी एकदा तिला वाजलं म्हणून सांगून बसलोय."

'तू' परत आला होता, पण सोबत शिक्षाही घेऊन. घड्याळजींनी ती भोगली. म्हातारीच्या खोलीत खिळा ठोकला, घड्याळ टांगलं आणि काटे बाराला नेऊन ठेवले. तिनं बोटांवर मोजत सगळे ठोके ऐकले. तिला ऐकू आले, बरं का. संपल्यावरही ती बोट वर धरून थांबली आणि घड्याळजींकडे बघत म्हणाली, "आता पुढचा नाही ना वाजायचा?" त्या घरात जमीन फरशीची होती, नाहीतर घड्याळजी धरणीच्या पोटात गेले असते.

आता नवा मोबाइल उघड्यावर, टेबलावरच असतो. डॉक्टरनं एक दिवस न विचारताच त्यावर काच चिकटवून दिली, अंगठ्यानं एकेक बुडबुडा बाहेर काढत. "पडला-बिडला तर टाकू नका," म्हणाला, आणि दुकानात उभी असलेली माणसं हसली. घड्याळजीही हसले, हसावंच लागलं. किटली पुन्हा गल्लीतून ये-जा करू लागली. गिऱ्हाइकाला "होतंय" एवढंच म्हणतात ते आता. पहिले दोन शब्द गिळून टाकतात.

पण नातीच्या मनात एकदा बसलं ते बसलं. फोन लागला की ती आजोबांची चौकशी करून होताच विचारते, "ते शेजारी कुठेत?" घड्याळजी तिला समजावतात की ते शेजारी नव्हेत, मित्र आहेत आजोबांचे, जुने मित्र.

"पण तेच म्हणाले होते ना," ती म्हणते.

समोरून, कपाळावरचा दिवा न हलवता, डॉक्टर ओरडतो, "आहे गं, शेजारी इथेच आहे." आणि घड्याळजी भिंग डोळ्याला लावून, हातात घड्याळ नसलं तरी, मान खाली घालतात.